कलम केलेला गुडघा

माझ्या डाव्या गुडघ्याच्या खाली, आतल्या अंगाला, बोटाच्या दोन पेरांएवढा एक व्रण आहे आणि गुडघ्याच्या वाटीच्या दोन्ही बाजूंना टिकलीएवढे दोन डाग आहेत. सध्या मी सांगली जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. तपासणीसाठी येणाऱ्या शाळकरी मुलींना कुठून तरी कळलेले असते की मॅडम पूर्वी खो-खो खेळत होत्या, आणि मग त्या विचारतात की खेळणारी मुलगी डॉक्टर कशी झाली. बाहेर रांग असते, त्यामुळे माझे उत्तर दरवेळी दोन वाक्यांत संपते. ते सविस्तर द्यावे असे बरेच दिवस मनात होते.

आमचे गाव तासगाव तालुक्यातील, द्राक्षबागांचे. घरात खेळाडू कोणी नव्हते. माझ्या वडिलांची, अण्णांची, अडीच एकर बाग, आईचे घरचे आणि बेदाण्याच्या शेडवरचे काम, एवढेच आमचे जग होते. शाळेत मात्र खो-खोचे मैदान होते आणि पहाटे साडेपाचला त्यावर पाणी मारून चुन्याच्या रेषा आखणारे सर होते. सहावीत असताना मी त्या मैदानावर गेले आणि पुढची पाच वर्षे तेथून हलले नाही. दहावीच्या वर्षी सतरा वर्षांखालील गटात राज्य पातळीपर्यंत खेळले. माझी ओळख संरक्षण करणारी खेळाडू अशी होती, आणि पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे संरक्षण म्हणजे काय ते सांगायला हवे.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत गेल्याशिवाय बदलता येत नाही. पळणाऱ्याला, म्हणजे संरक्षण करणाऱ्याला, यातले कोणतेच बंधन नसते. तो बसलेल्या दोन गड्यांच्या मधून कधीही पलीकडे जाऊ शकतो. म्हणूनच चांगला संरक्षक वेगाने पळणारा असतोच असे नाही. पूर्ण वेगात असताना एका पायावर थांबून, शरीर वळवून, क्षणात उलट दिशेला निघता येणे हे त्याचे खरे कसब असते. हुलकावणी म्हणतात ती हीच. त्या एका क्षणी सगळ्या शरीराचे वजन आणि वळण एकाच गुडघ्यावर येते, आणि हे वाक्य मी आज जितक्या सहजपणे लिहिते तितकी त्याची जाणीव तेव्हा आमच्यापैकी कोणालाच नव्हती.

नोव्हेंबर २०१६ मध्ये, मी अकरावीत असताना, विभागीय स्पर्धेत माझा डावा पाय जमिनीत रुतला. शरीर उजवीकडे वळले आणि गुडघा वळला नाही. मला धक्का लागला नव्हता. पाठलाग करणारी मुलगी हातभर अंतरावर होती. आतून, ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. तो आवाज मी ऐकला की मला तो जाणवला, हे आजही सांगता येत नाही, पण पुढे अस्थिरोग विभागात काम करताना तोच आवाज मी कितीतरी रुग्णांच्या तोंडून ऐकला आणि दरवेळी त्यांचे वाक्य पूर्ण होण्याआधीच मला पुढचे कळत असे. तासाभरात गुडघा सुजून गोल झाला.

पहिले आठ दिवस तेल आणि लेप यांत गेले. मग एका दवाखान्यात क्ष-किरण तपासणी झाली. हाडे शाबूत होती. तेथील डॉक्टरांनी ती फिल्म उजेडात धरली, काही झालेले नाही असे सांगितले, गुडघ्यावर पट्टी बांधून दिली आणि माझ्याकडे न पाहता अण्णांना म्हणाले, "मुलीला आता हे खेळबिळ कशाला? अभ्यासाकडे बघू दे." गुडघ्याला त्यांनी हातही लावला नव्हता. ज्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्टीला, इजा झाली होती ते क्ष-किरणांत दिसतच नाही, आणि ते तुटले आहे का हे पाहण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नसते, फक्त दोन हात आणि एक मिनिट पुरते, हे मला पाच-सहा वर्षांनी कळले. त्या डॉक्टरांविषयी मनात राग धरून मी जगत नाही. मात्र आज रुग्ण मुलगी असली की मी आधी तिच्याशी बोलते आणि नंतर तिच्या वडिलांशी, आणि ही सवय मला त्या दिवसापासून लागली आहे.

काही झालेले नाही असे डॉक्टरांनीच सांगितल्यावर मी सूज उतरताच मैदानावर परतले. हे व्हायला नको होते. फेब्रुवारीत सरावातच गुडघा पुन्हा निसटला आणि या वेळी आतली मेनिस्कस नावाची गादीही फाटली. अण्णा मला मिरजेला घेऊन गेले. आमच्या भागात मोठे दुखणे म्हटले की मिरज, ही वाट पिढ्यांची आहे. तेथे एमआरआय झाला, आणि तेथल्या सर्जननी प्रथम मला टेबलावर झोपवून दोन्ही गुडघे स्वतःच्या हातांनी तपासले, आधी चांगला आणि मग दुखरा. नंतर केसपेपरच्या मागे त्यांनी चित्र काढले. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि त्यांच्यामध्ये फुलीसारखी एकमेकींना छेदणारी दोन लिगामेंट. पुढची तुटली आहे, तिला एसीएल म्हणतात, ती शिवून जोडत नाहीत, तुझ्याच मांडीमागच्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, घेऊन तिच्या जागी नवी दोरी बसवावी लागते, असे त्यांनी मला सांगितले. मला, म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला, माझ्याच शरीराविषयी कोणी असे समोर बसून सांगण्याची ती पहिली वेळ होती. डॉक्टर व्हावे हा विचार त्या दिवशी मनात आला असे मी म्हटले तर ते खोटे ठरेल. त्या दिवशी एवढेच झाले की तो केसपेपर मी घरी नेला आणि त्यावरचे चित्र रात्री पुन्हा पुन्हा काढून पाहिले.

मे २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीच्या बेदाण्याचे पैसे तिच्यात गेले. खरी कसोटी त्यानंतरची होती. निदान नऊ महिने मैदान नाही, असे बजावण्यात आले होते, आणि तीन महिन्यांतच माझा पाय दुखायचा थांबला होता. जिने चढता येत होते, सायकल चालवता येत होती, मग नऊ महिने कशासाठी, असे मी घरात भांडत होते. तेव्हा अण्णांनी मला बागेत नेले. आमच्याकडे द्राक्षाची वेल थेट लावत नाहीत; आधी डॉगरिज या रानटी जातीचा खुंट लावतात आणि त्यावर हव्या त्या वाणाची काडी पाचर कलमाने बांधतात. अण्णा म्हणाले, "कलम बांधल्यावर फूट हिरवीगार दिसाय लागती. म्हणून पहिल्याच वर्षी आपण घड धरू देतो का? वरनं हिरवं दिसतंय, पण सांधा आतनं कच्चाच असतोय, पोरी."

अण्णांना शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, पण पुढे मी पुस्तकात जे वाचले ते याहून वेगळे नव्हते. बसवलेली कंडरा सुरुवातीला रक्तपुरवठा नसलेला निर्जीव धागा असते. हळूहळू शरीर तिच्यात रक्तवाहिन्या नेते, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात आणि कंडरेचे रूपांतर लिगामेंटसारख्या ऊतीत होते. या बदलात पहिल्या काही महिन्यांत ती बसवली त्या दिवसापेक्षाही दुबळी झालेली असते, आणि नेमक्या त्याच काळात वेदना थांबलेली असल्यामुळे खेळाडूला आपण बरे झालो असे वाटते. खेळात घाईने परतणाऱ्यांचे कलम पुन्हा तुटते ते याच कारणाने. रुग्णांना ग्राफ्ट हा शब्द समजावताना मी आजही कलम असेच म्हणते, आणि आमच्या तालुक्यात त्यापुढे फारसे काही सांगावे लागत नाही.

ते नऊ महिने संपले तेव्हा फेब्रुवारी २०१८ होता आणि बारावीची परीक्षा समोर होती. दहावीला मला क्रीडागुणांची सवलत मिळाली होती, बारावीला खेळलेच नसल्यामुळे ती नव्हती, आणि असती तरी वैद्यकीय प्रवेशासाठी तिचा उपयोग नव्हता, कारण ते गुण बोर्डाच्या निकालात धरले जातात, नीट या प्रवेश परीक्षेच्या गुणांत नाही. ही गोष्ट खेळाडू मुलांच्या पालकांना फार उशिरा कळते. मैदानावर घालवलेले तास नीटच्या तराजूत कोठेच मोजले जात नाहीत; तेथे १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला उणे एक, एवढाच हिशेब असतो. जीवशास्त्राचे ९० प्रश्न मला जमत होते. भौतिकशास्त्राच्या ४५ प्रश्नांची मला भीती वाटे, आणि त्या भीतीपोटी ६ मे २०१८ रोजी मी एकही प्रश्न न सोडता सगळे गोल काळे केले. निकालात उणे गुणांनीच माझे वर्ष नेले.

पुढचे वर्ष मी लातूरला होते. तेथे पुन्हा परीक्षा देणाऱ्यांची एक वेगळीच वसाहत असते. पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासिकेचे दिवे चालू असतात आणि कोणी कोणाला गाव विचारत नाही, गुण विचारतात. त्या वर्षाविषयी लिहिण्यासारखे फार नाही. खोलीत भिंतीला पाठ लावून मी मांडीचे व्यायाम करत असे, तेवढाच खेळ उरला होता. एक गोष्ट मात्र मैदानाने दिली ती तेथे कामी आली. संरक्षणात नवखी मुलगी सारखी पळते आणि दोन मिनिटांत दमून बाद होते. जाणती मुलगी जेथे पळण्याची गरज नाही तेथे उभी राहते. मी प्रश्न सोडायला शिकले. ज्या प्रश्नात दोन पर्यायही खोडता येत नाहीत तो तसाच कोरा ठेवायचा, हा नियम मी सराव परीक्षांत स्वतःवर लादला. मे २०१९ च्या परीक्षेत माझे १३८ गुण वाढले आणि राज्य कोट्यातून एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये प्रवेश करण्यापूर्वी आम्ही देहदान केलेल्या व्यक्तींपुढे उभे राहून शपथ घेतली. हातापासून सुरुवात झाली आणि पायापर्यंत यायला हिवाळा संपत आला. ज्या दिवशी गुडघा उघडायचा होता त्या दिवशी मी टेबलाच्या सर्वांत पुढे उभी होते. नडगीच्या वरच्या टोकाला, आतल्या अंगाला, तीन कंडरा एकत्र येऊन हाडाला चिकटतात. त्यांचा आकार हंसाच्या पायासारखा दिसतो म्हणून लॅटिनमध्ये त्या जागेला हंसपाद अशा अर्थाचे नाव आहे. सरांनी चिमट्याने त्या एकेक उचलून दाखवल्या आणि माझा हात नकळत माझ्या व्रणावर गेला. त्या तिघींपैकी दोन माझ्या पायात त्या जागी नव्हत्या. त्या गुडघ्याच्या आत होत्या. मग वाटी बाजूला झाली आणि एसीएल दिसले. तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीची, मोत्यासारख्या पांढऱ्या रंगाची एक पट्टी, नडगीच्या पुढच्या भागातून निघून वर, मागे आणि बाहेरच्या बाजूला जाणारी. एवढ्याशा पट्टीसाठी माझी दोन वर्षे गेली होती. सरांनी नडगी पुढे ओढून दाखवली, पट्टी ताणली गेली आणि हाड जागीच अडले. ते अडणे मी बोटांनी अनुभवले. ज्यांनी आपला देह आम्हाला दिला होता त्या आजोबांचे नाव मला ठाऊक नाही, पण माझा स्वतःचा गुडघा मला त्यांनी समजावला.

(एक गोष्ट येथेच सांगते, कारण अण्णांना ती फार आवडली होती. काढून घेतलेल्या या कंडरा अनेक रुग्णांमध्ये काही प्रमाणात पुन्हा उगवतात. मी हे घरी सांगितले तेव्हा खरड छाटणी, म्हणजे नवी फूट यावी म्हणून वेलीच्या काड्या मागे छाटणे, चालू होती. ते म्हणाले, मग त्यात नवल काय.)

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, वर्ग मोबाइलवर गेले आणि वर्षांचे गणित विस्कटले. त्या काळाविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मैदान मला परत मिळाले ते त्यानंतर, महाविद्यालयाच्या संघात. मी पूर्वीसारखी खेळत नव्हते. डाव्या पायावर थांबण्याच्या क्षणी मनात जो अर्ध्या सेकंदाचा विचार येतो तो शस्त्रक्रियेने जात नाही, आणि खो-खोत अर्धा सेकंद म्हणजे गडी बाद. पण मी खेळत होते, आणि त्याच वेळी औषधशास्त्राची परीक्षाही देत होते.

खेळणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याला शिक्षक हमखास ज्यांचे उदाहरण देतात ते रॉजर बॅनिस्टर. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने ६ मे १९५४ रोजी सकाळी रुग्णालयात हजेरी लावली, तेथल्याच प्रयोगशाळेत बुटांचे खिळे घासून धारदार केले, रेल्वेने ऑक्सफर्ड गाठले आणि संध्याकाळी एक मैल अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून चार मिनिटांची मर्यादा पहिल्यांदा मोडली. दुपारच्या जेवणाच्या सुटीत जवळच्या मैदानावर धावणे, हा त्यांच्या सरावाचा मोठा भाग होता. त्याच वर्षी त्यांनी स्पर्धा सोडल्या आणि पुढे मज्जासंस्थेचे नामवंत तज्ज्ञ झाले. माझी पहिली नीट परीक्षाही ६ मेलाच होती हे मला फार नंतर लक्षात आले. मला बॅनिस्टर यांच्याविषयी आदर आहे, परंतु त्यांचे उदाहरण आपल्याकडे ज्या अर्थाने सांगितले जाते तो मला पटत नाही. खेळ हा तारुण्यातील एक टप्पा, तो संपवून माणसाने खऱ्या कामाला लागावे, असा तो अर्थ असतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाचे नेतृत्व करणारे तालिमेरेन आओ कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते, आणि पदवीनंतर त्यांनी नागालँडमध्ये आरोग्यसेवेत आयुष्य घालवले. तेही थोर आहे. पण माझ्या मनात ज्यांनी घर केले ते गोव्यात जन्मलेले डॉ. वेस पेस. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात ते होते, आणि डॉक्टर झाल्यावर ते क्रीडावैद्यकाकडे वळले. मैदान सोडून ते दवाखान्यात गेले नाहीत, त्यांनी दवाखानाच मैदानाकडे नेला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्या निधनाची बातमी मी आरोग्य केंद्रात वाचली आणि त्या दिवशी कामात लक्ष लागले नाही.

अस्थिरोग विभागातील माझ्या दिवसांत मी लॅकमन चाचणी शिकले. गुडघा वीस-तीस अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी स्थिर धरायची, दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. एसीएल शाबूत असेल तर हाड टक्कन अडते. तुटलेले असेल तर ते अडत नाही, ओल्या मातीत हात जावा तसे पुढे सरकत राहते. ही तपासणी पुस्तकातून येत नाही, बोटांना यावी लागते, आणि मी प्रत्येक रुग्णाचा चांगला गुडघाही परवानगी घेऊन तपासत असे, कारण फरक कळायचा तर आधी चांगले काय ते हाताला ठाऊक हवे. आंतरवासितेत, म्हणजे इंटर्नशिपमध्ये, असतानाच १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. आम्ही दोघी-तिघी तो सामना वॉर्डाबाहेर मोबाइलवर पाहत होतो. त्यांची प्रत्येक हुलकावणी पाहताना आनंद होत होता आणि माझी नजर मात्र क्रिकेट पाहणाऱ्या माणसासारखी गुणफलकावर नव्हती. ती त्यांच्या गुडघ्यांवर होती, पाय टेकताना गुडघा आत झुकतो का, त्यावर.

मुलींमध्ये एसीएलची इजा त्याच खेळातील मुलांपेक्षा काही पटींनी अधिक आढळते. श्रोणीची, म्हणजे कमरेखालच्या हाडांची, रचना, स्नायूंचा वापर, उडी मारून पाय टेकण्याची पद्धत, अशी अनेक कारणे सांगितली जातात, आणि त्यांतले बदलता येण्याजोगे कारण म्हणजे ही पद्धत. फुटबॉलमध्ये वीस मिनिटांचा ठरावीक सराव-पूर्व व्यायाम इजा कमी करतो हे सिद्ध झालेले आहे. एका पायावर तोल सांभाळणे, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम, उडीनंतर गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरणे, यासाठी ना पैसे लागतात ना उपकरणे. आमच्या जुन्या सरांकडे मी हे घेऊन गेले तेव्हा मला संकोच वाटत होता. ज्यांनी मला खेळ शिकवला त्यांना मी काय सांगणार. सरांनी वही आणली, बुटातून पाय काढून अंगणातच प्रत्येक व्यायाम करून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून तो सुरू केला.

गुडघ्याइतकेच मला अस्वस्थ करणारे दुसरे दुखणे डोळ्यांना दिसत नाही. आमच्या संघात एक मुलगी होती, चपळ, पण दुसऱ्या डावात तिचे पाय जड होत. आम्ही तिला दमात कमी म्हणायचो आणि सर तिला जास्त फेऱ्या मारायला लावत. आता आरोग्य केंद्रात खेळाडू मुलींचे रक्त तपासताना हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ दिसते, बारापेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, आणि मला ती मुलगी आठवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आमचा संघ त्या आकड्याबाहेर कसा असेल? शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत होती आणि आम्ही ती पोट दुखते म्हणून फेकून देत होतो. गोळी जेवणानंतर घ्यावी, तिच्यावर लगेच चहा पिऊ नये, हे सांगण्याचे काम मी मैदानावर जाऊन करते, कारण दवाखान्यात आलेली मुलगी मान डोलावते आणि मैदानावरची मुलगी प्रश्न विचारते. पाळी चार-चार महिने न येणे ही सरावाच्या दिवसांतील सोय नव्हे, शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याने हाडे ठिसूळ होतात, हेही मी तेथेच सांगते. आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.

पुढे काय, असे घरचे विचारतात. नीट-पीजीची तयारी चालू आहे. क्रीडावैद्यकाच्या पदव्युत्तर जागा देशात मोजक्याच आहेत. अस्थिरोगात गेले तर शस्त्रक्रिया करता येईल, पण त्या शाखेत मुली अजून थोड्या दिसतात आणि हे अंगमेहनतीचे काम आहे असे मला अधूनमधून सुचवले जाते. मी पाच वर्षे मातीवर लोळले आहे. माझा कल क्रीडावैद्यकाकडे आहे, कारण शस्त्रक्रियेचा दिवस एक असतो आणि नंतरचे नऊ महिने रुग्ण एकटा असतो. मला त्या नऊ महिन्यांतली डॉक्टर व्हायचे आहे.

गेल्या महिन्यात सरांचा फोन आला आणि ते अकरावीतल्या एका मुलीला घेऊन आले. सोबत तिची आई होती. सूज उतरली होती, क्ष-किरणांत काही नव्हते, ती चालतही होती, आणि विभागीय स्पर्धा दहा दिवसांवर होती. मी तिला झोपवले, आधी उजवा गुडघा तपासला, मग डावा. हाड अडले नाही. पुन्हा एकदा पाहिले. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. मी कागद घेतला, दोन हाडे काढली, मधली फुली काढली आणि तिला सगळे सांगितले; एमआरआयसाठी चिठ्ठी दिली, शस्त्रक्रिया कोणत्या शासकीय योजनेत बसते का त्याची चौकशी कोठे करायची ते आईला लिहून दिले. दहा दिवसांनी खेळायचे नाही हे ऐकून ती रडली. मी तिला थोडा वेळ रडू दिले आणि नंतर माझ्या पायावरचा व्रण दाखवला. तिने त्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "मॅडम, नऊ महिने म्हणजे कुठला महिना?"

शस्त्रक्रिया नोव्हेंबरात होईल असे धरून आम्ही दोघींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, आणि ऑगस्टवर येऊन थांबलो. त्या सुमारास शालेय स्पर्धांचे तालुक्याचे सामने सुरू होतात, हे तिला माझ्याआधी आठवले.